रमाबाईंची श्रद्धा

संकटात सापडलेल्या माणसाला श्रद्धा तारते, हे वाक्य आपल्याकडे इतक्या सहजपणे उच्चारले जाते की, तारते म्हणजे नेमके काय करते, संकट दूर करते, त्याचा विसर पाडते, की ते सोसण्याचे बळ देते, याची चौकशी करण्याच्या भरीस सहसा कोणी पडत नाही. या प्रश्नाची उत्तरे धर्माधर्मांत निरनिराळी सापडतात आणि एकाच धर्मातही ती व्यक्तिपरत्वे बदलतात. म्हणून तत्त्वचर्चेत शिरण्यापेक्षा एखादे संपूर्ण आयुष्य समोर ठेवून त्याचा विचार करणे मला अधिक फलदायी वाटते. ख्रिस्ती श्रद्धेच्या संबंधात असा विचार करावयाचा, तर मराठी वाचकाला दूर देशी जाण्याचे कारण नाही. जिच्या वाट्याला आलेल्या दुःखांची नुसती यादी वाचली तरी मन सुन्न व्हावे, आणि जिने त्यांपैकी जवळजवळ प्रत्येक दुःख पुढे दुसऱ्या कोणाच्या तरी उपयोगी पाडले, ती पंडिता रमाबाई आपल्याच भाषेत बोलणारी आणि लिहिणारी होती.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकातील पश्चिम घाटाच्या अरण्यात, गंगामूळ येथे झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान आणि तितकेच हट्टी गृहस्थ. विद्यार्थिदशेत पुण्यास गुरूंबरोबर पेशव्यांच्या वाड्यात जाणेयेणे असता पेशव्यांच्या पत्नीच्या मुखातून संस्कृत श्लोक त्यांच्या कानी पडले, आणि आपल्या घरातही स्त्रियांना ही विद्या द्यावयाची, असा त्यांनी निश्चय केला. पत्नी लक्ष्मीबाई यांना त्यांनी संस्कृत शिकविले. त्यावरून जातभाईंचा रोष ओढवला, तेव्हा सभेत शास्त्राधार दाखवून आपला पक्ष मांडला आणि अखेर रानात बिऱ्हाड थाटले. याच लक्ष्मीबाईंनी पहाटेच्या वेळी मांडीवर घेऊन रमेला भागवत पाठ करविले. पुढे आतिथ्यापायी आणि दानधर्मापायी मालमत्ता संपली, कर्ज झाले, आणि सारे कुटुंब तीर्थयात्रेस निघाले. देवळात बसून पुराण सांगावे, येणाऱ्याजाणाऱ्याने ठेवलेल्या दक्षिणेवर गुजारा करावा आणि पुढच्या क्षेत्राची वाट धरावी, असा त्यांचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता होता.

मग दक्षिणेत दुष्काळ पडला. १८७४ ते १८७७ या काळातील त्या उपासमारीचे रमाबाईंनी स्वतः केलेले वर्णन ज्याने वाचले असेल, त्याला ते विसरता येणार नाही. दैवताचा कोप व्हावा असे काय आपल्या हातून घडले, हे न कळल्यामुळे त्या माणसांनी उरलासुरला पैसाही व्रतवैकल्यांत आणि दानांत खर्च केला. तोही सरल्यावर रानात जाऊन पाने खाल्ली. वृद्ध आणि अंध झालेल्या अनंतशास्त्र्यांनी जलसमाधी घेण्याचे ठरविले, तेव्हा मुलाने पुढे होऊन, ब्राह्मण्याचा अभिमान सोडून मी मजुरी करीन, पण हे होऊ देणार नाही, असे सांगितले. तरी फार दिवस मिळाले नाहीत. आधी वडील गेले, त्यांच्यामागे आई गेली, आणि थोरली बहीणही गेली. आईची तिरडी उचलण्यास माणसे मिळेनात. मोठ्या मिनतवारीने दोन ब्राह्मण आले, आणि उरलेल्या दोन जागी भाऊ श्रीनिवास आणि रमाबाई उभ्या राहिल्या. स्मशान कोसभराहून अधिक दूर होते. रमाबाईंची उंची इतरांच्या खांद्याला पुरेना, म्हणून त्यांनी आपल्या बाजूचा भार डोक्यावर घेतला.

त्यानंतर ही दोन भावंडे पायी हिंदुस्थानभर फिरली. खाण्यास नसे तेव्हा रानटी बोरे सालीबियांसकट गिळावीत, पंजाबच्या कडाक्याच्या थंडीत अंगावर घेण्यास नसे तेव्हा झेलमच्या काठी वाळूत खड्डे खणून आत निजावे आणि वरून वाळूच पांघरावी, अशा रीतीने हजारो मैलांची ती पायपीट झाली. त्या चालण्यात शरीर झिजले तसाच वाडवडिलांच्या आचारांवरील विश्वासही झिजला. सगळे व्रतनेम करून, सगळ्या क्षेत्रांची धूळ मस्तकी लावून आईबाप उपाशी मेले, हा अनुभव त्या मुलांच्या मनातून काही केल्या जाईना. महाराष्ट्राला दुष्काळ आणि भक्ती यांचा संबंध अपरिचित नाही. सतराव्या शतकातील दुष्काळात पत्नी आणि मूल गमावलेले तुकोबा विठ्ठलाच्या पायांशी अधिकच घट्ट जाऊन बसले, हे आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक आहे. रमाबाईंच्या बाबतीत तोच आघात उलट दिशेने झाला. त्यांच्या हातून देवच निसटला, आणि तो पुन्हा सापडण्यास पुढे कित्येक वर्षे लागली.

१८७८ साली कलकत्त्यास पंडितांच्या सभेने या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेऊन तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. त्याच शहरात त्यांनी ख्रिस्ती लोकांची उपासना प्रथम पाहिली. मंडळी खुर्च्यांसमोर गुडघे टेकून डोळे मिटून बसलेली पाहून, हे लोक खुर्च्यांचीच पूजा करतात की काय, असे त्या भावंडांना वाटले. १८८० मध्ये श्रीनिवास वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी जातीबाहेर, कायद्याने नोंदणी करून विवाह केला आणि आसामात सिल्चर येथे संसार मांडला. १८८१ च्या वसंतात मनोरमा जन्मली आणि ४ फेब्रुवारी १८८२ रोजी बिपिनबाबू पटकीने गेले. संसार पुरता दोन वर्षेही टिकला नाही. याच घरात पतीच्या पुस्तकांत लूककृत शुभवर्तमानाची बंगाली प्रत रमाबाईंच्या हाती आली होती आणि ती त्यांनी कुतूहलाने वाचली होती.

तेविसाव्या वर्षी वैधव्य, पदरी तान्ही मुलगी, आणि माहेर म्हणावे असे जगात कोणी उरलेले नाही, अशा स्थितीत त्या पुण्यास आल्या. सहानुभूती मिळविण्यासाठी आलेली ही बाई नव्हती. काही महिन्यांतच त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक प्रसिद्ध केले, आणि शिक्षणविषयक हंटर कमिशनपुढे साक्ष देऊन, स्त्रियांसाठी स्त्रीशिक्षिका आणि स्त्रीवैद्य निर्माण करा, अशी मागणी केली. स्वतः वैद्यक शिकावे, या हेतूने १८८३ साली त्या मुलीसह इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील धर्मभगिनींच्या मठात राहिल्या. तेथेही दैवाने त्यांना सोडले नाही. बरोबर आलेल्या आनंदीबाई भगत या सखीने आत्मघात केला. आणि स्वतःची श्रवणशक्ती उत्तरोत्तर मंदावत गेल्यामुळे वैद्यक शिकण्याचा बेत कायमचा सोडावा लागला.

रमाबाई ख्रिस्ती का झाल्या, या प्रश्नावर त्या काळच्या महाराष्ट्रात पुष्कळ शाई खर्ची पडली. कोणी त्यात मिशनऱ्यांचे कारस्थान पाहिले, कोणी परक्या देशातील एकाकीपणाचा परिणाम मानला. जोतीराव फुल्यांनी मात्र १८८५ च्या ‘सत्सार’मधून त्यांचा पक्ष घेतला. त्या स्वतः जे कारण सांगतात ते मला सर्वांत विश्वसनीय वाटते. लंडनच्या फुलहॅम भागात वाँटेजच्या भगिनींनी चालविलेले एक घर होते आणि समाजाने पतित ठरविलेल्या स्त्रिया तेथे मायेने सांभाळल्या जात. अशा स्त्रियांना समाजातून हद्दपार करण्यापलीकडे काही उपाय असतो, हे रमाबाईंनी तोवर पाहिले नव्हते. हे तुम्ही का करता, असे त्यांनी विचारले, तेव्हा एका भगिनीने योहानाच्या शुभवर्तमानातील, विहिरीवर पाण्यास आलेल्या शोमरोनी स्त्रीची कथा त्यांना वाचून दाखविली. जिच्याशी कोणी बोलू नये अशा बाईशी येशू थांबून बोलतो, तिच्या पूर्वायुष्याचा पाढा तिच्यापुढे मांडतो, आणि तरीही तिचा धिक्कार करीत नाही. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. प्रत्यक्ष काम पाहून त्यामागच्या वचनाकडे त्या वळल्या, हा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

येथे ख्रिस्ती श्रद्धेचा दुःखाविषयीचा दृष्टिकोन थोडक्यात सांगणे अवश्य आहे, कारण त्यावाचून पुढच्या गोष्टींचा उलगडा होणार नाही. ख्रिस्ती माणूस ज्याची उपासना करतो तो देव राजवैभवात दिसत नाही. तो वधस्तंभावर, हातापायांत खिळे ठोकलेल्या आणि मित्रांनी टाकलेल्या अवस्थेत दिसतो. त्यामुळे दुःख आले म्हणजे देव कोपला, किंवा सोसणाऱ्याच्या पदरी काही तरी पाप असलेच पाहिजे, असे म्हणण्याचा अधिकार त्या श्रद्धेत कोणालाच उरत नाही. ईयोबाच्या पुस्तकात नेमके हेच म्हणणारे मित्र शेवटी देवाकडून दोषी ठरतात. दुःख टळेल असे आश्वासन शुभवर्तमानात कोठेही दिलेले नाही. सोसणाऱ्याच्या शेजारी देव स्वतः आहे, आणि भुकेल्याला दिलेला घास, उघड्याला घातलेले वस्त्र हे त्या देवालाच पोचते, एवढेच ते सांगते. जिने देवाची मर्जी संपादन करण्यासाठी शेवटचा पैसाही खर्चून उपाशी मरणारे आईबाप पाहिले होते, तिला हा विचार किती मोठी सुटका वाटला असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

मात्र श्रद्धा स्वीकारली म्हणून रमाबाईंनी बुद्धी गहाण टाकली नाही. त्रैक्याच्या सिद्धान्तावरून आणि चर्चच्या अधिकारावरून वाँटेजच्या भगिनी जेराल्डीन यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, तो वाचताना सभेत शास्त्राधार दाखवून वाद घालणाऱ्या पित्याची ही कन्या आहे, याची क्षणोक्षणी आठवण होते. आज्ञा पाळण्यास माझी सदसद्विवेकबुद्धी अनुमती देत नसेल, तर ती आज्ञा बिशपांची असली तरी मला मान्य नाही, हा त्यांचा पवित्रा अखेरपर्यंत कायम राहिला. आणि शाकाहार, साधी पांढरी वस्त्रे, मराठी राहणी यांतले त्यांनी काही सोडले नाही. इतकेच नव्हे, तर बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी त्यांना असे जाणवले की, आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला खरा, परंतु ख्रिस्त आपल्याला अजून भेटलेलाच नाही. १८९१ च्या सुमारास त्यांच्या अंतःकरणात जे परिवर्तन घडले, त्यालाच त्या आपला खरा आरंभ मानीत. श्रद्धेच्या मार्गावर इतक्या सावकाश आणि इतक्या प्रामाणिकपणे चालणारी माणसे थोडी.

दरम्यान १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठी त्या अमेरिकेस गेल्या, तेथे हिंदू स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजी ग्रंथ लिहिला, गावोगाव व्याख्याने दिली, आणि दहा वर्षांच्या अर्थसाहाय्याचे वचन देणारी मंडळी बॉस्टनमध्ये उभी करून परत आल्या. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस चौपाटीजवळ शारदासदन हे स्त्रियांचे विद्यालय सुरू झाले. पुढल्याच वर्षी ते पुण्यास गेले. पुढे धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह करणाऱ्या गोदूबाई या तेथील पहिल्या विधवा विद्यार्थिनी. संस्थेत धर्मोपदेश करावयाचा नाही, असा करार होता आणि रमाबाईंनी तो पाळला. परंतु स्वतःच्या खोलीत प्रार्थना करताना दार लावून घेण्याचे त्यांनी नाकारले, आणि त्या उघड्या दारातून काही मुली आपखुशीने आत येऊन बसू लागल्या. ‘केसरी’ने गदारोळ उठविला. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनी संबंध सोडला आणि पालकांनी बऱ्याच मुली काढून नेल्या. पालकांची तक्रार निराधार नव्हती, असे त्यांच्या जागी उभे राहून पाहिले तर म्हणावे लागेल. पण आपल्याच घरात आपल्या देवाची प्रार्थना चोरून करण्यास नकार देणाऱ्या बाईलाही मी दोष देऊ शकत नाही.

या सगळ्याचा खरा कस १८९६-९७ च्या दुष्काळात लागला. मध्य प्रांतातून भूकबळींच्या वार्ता येऊ लागल्या, तेव्हा रमाबाई तेथे गेल्या. दुष्काळी कामांवरच्या छावण्यांत आणि गरीबखान्यांत त्यांनी हाडांचे सापळे झालेली माणसे पाहिली. आणि अन्नाच्या मोबदल्यात मुलींचे जे व्यवहार तेथे चालत, तेही पाहिले. वीस वर्षांपूर्वी आपण याच वाटेवर होतो, हे त्यांना पदोपदी आठवत होते, आणि तसे त्यांनी लिहूनही ठेवले आहे. पोटात अन्न नसले म्हणजे मन कोणत्या थराला जाते, लाज आणि धर्म किती दिवस टिकतात, आणि अशा वेळी मदतीस आलेल्या माणसावर विश्वास का बसत नाही, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही. वीस वर्षांपूर्वीची ती उपासमार, जिचा अर्थ तेव्हा कोणत्याही शास्त्राला सांगता आला नव्हता, येथे ज्ञान होऊन कामी आली. सुमारे तीनशे मुली आणि स्त्रिया त्यांनी सोडवून आणल्या.

परंतु पुण्यात तेव्हा प्लेगचा बंदोबस्त चालू होता आणि एवढी नवी माणसे शहरात ठेवण्यास सरकारी हुकूम आड आला. पुणे–दौंड लोहमार्गावरील केडगाव येथे रमाबाईंनी थोड्याच काळापूर्वी सुमारे शंभर एकर जमीन घेतली होती. अमेरिकेचे साहाय्य संपल्यावर फळबागेच्या उत्पन्नावर शाळा चालवावी, हा त्यामागचा हेतू. त्या उघड्या माळावर तंबू आणि झोपड्या ठोकून मुलींना उतरविण्यात आले. हेच मुक्तिसदन. त्याच सुमारास प्लेगच्या सरकारी इस्पितळांतील स्त्रियांच्या हालांविषयी त्यांनी वृत्तपत्रात उघड तक्रार केली, आणि ते प्रकरण थेट पार्लमेंटात पोचले. राज्यकर्त्यांचा धर्म स्वीकारणारी बाई राज्यकर्त्यांची मिंधी असणार, असा समज करून घेतलेल्यांनी ही गोष्ट लक्षात घ्यावी. १८९९-१९०० मध्ये गुजरातेत छप्पनचा दुष्काळ पडला तेव्हा तिकडून आणखी शेकडो मुली आल्या, आणि माळावरच्या त्या वस्तीची संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

दोन हजार माणसांना रोज दोन वेळ जेवू घालणे म्हणजे काय, याचा हिशेब ज्याने एखादे लग्नकार्य पार पाडले असेल त्याला करता येईल. आणि हे सारे अशा संस्थेत, जिचे ठरलेले उत्पन्न नव्हते. जॉर्ज म्यूलर, हडसन टेलर यांच्यासारख्यांची चरित्रे वाचून रमाबाईंनी असे ठरविले होते की, गरज देवापुढे मांडावयाची आणि हाती येईल त्यात काम करावयाचे. विहिरी खणल्या, बाग आणि शेती केली, गाई पाळल्या, हातमाग, तेलाचा घाणा, शिवणकाम, छापखाना असे उद्योग उभे केले, आणि ते सगळे चालविण्यास दुष्काळातून आलेल्या मुलींनाच शिकविले. फुलहॅमला जे पाहिले होते त्याची आठवण ठेवून समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन उभारले. अंध स्त्रियांसाठी वेगळी व्यवस्था केली आणि मनोरमाबाईंनी परदेशी शिकून आलेली ब्रेल लिपी त्यांना शिकविली. १९०५ साली मुक्तिसदनात प्रार्थनेची जी लाट आली, तीत मुली अहोरात्र रडत, गात, प्रार्थना करीत. हा भाग आजच्या वाचकाला परका वाटेल. मलाही त्याचे सगळेच स्वरूप कळते असे नाही. पण त्या दिवसांत जेवण शिजायचे राहिले नाही आणि आजाऱ्यांची शुश्रूषाही खंडित झाली नाही, हे त्या श्रद्धेच्या सच्चेपणाचे प्रमाण मला पुरेसे वाटते.

आयुष्याच्या शेवटच्या अठरा-एक वर्षांत त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल साध्या मराठीत आणण्याचे काम अंगावर घेतले. खेड्यातल्या बाईला वाचून दाखविले तर समजले पाहिजे, ही त्यांची कसोटी. खिळे जुळविणे, छपाई, बांधणी ही कामे मुक्तिसदनातल्या स्त्रियांनीच केली. कान जवळजवळ गेले होते, प्रकृती ढासळली होती, आणि तरीही दुःखाचा शेवटचा हप्ता बाकी होता. जिच्या हाती संस्था सोपवावयाची ती मनोरमा, आईचा उजवा हात, जुलै १९२१ मध्ये चाळिसाव्या वर्षी वारली. ज्या एका जिवाला छातीशी धरून त्यांनी सिल्चर सोडले होते, तोही गेला. रमाबाई शोक करीत बसल्या नाहीत असे म्हणणे खोटे ठरेल. त्यांनी शोक केला आणि मुद्रिते तपासण्याचे कामही चालू ठेवले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचा अंत झाला. बायबलचे भाषांतर त्यापूर्वी पुरे झाले होते. १९२४ साली ते संपूर्ण छापून प्रसिद्ध झाले.

या चरित्रात श्रद्धेने एकही संकट टाळलेले दिसत नाही. बाप्तिस्म्यानंतरही बहिरेपण आले, लोकनिंदा आली, अपत्यवियोग आला. श्रद्धेने केले ते हे की, आपल्यावर जे गुदरले ते शिक्षा आहे, या भयापासून त्या बाईला मोकळे केले. आणि भय गेल्यावर त्याच दुःखातून इतरांची ओळख पटण्याची शक्ती दिली. याच काळात दुसऱ्या एका मराठी घरात, ना. वा. टिळकांच्या ख्रिस्ती होण्यामुळे संसार दुभंगलेल्या लक्ष्मीबाई टिळकांनी पाच वर्षांच्या ताटातुटीनंतर स्वतः बाप्तिस्मा घेतला आणि पुढे ‘स्मृतिचित्रे’ लिहिली, हेही येथे आठवते. दोघींचे स्वभाव अगदी निराळे, पण सोवळ्याओवळ्याच्या भिंती ओलांडून परक्याच्या लेकराला पोटाशी धरण्याची वाट दोघींनाही एकाच ठिकाणी सापडली.

महाराष्ट्राने रमाबाईंचे चरित्र फार काळ धर्मांतराच्या वादापुरते वाचले, आणि त्या वादात केडगावचा माळ दृष्टीआड झाला, हा आपल्या वाङ्मयीन स्मृतीवरील अन्याय आहे. तो दूर करणे कठीण नाही. लक्ष्मीबाईंचेच चिरंजीव देवदत्त नारायण टिळक यांनी १९६० साली लिहिलेले ‘महाराष्ट्राची तेजस्विनी पंडिता रमाबाई’ हे चरित्र आणि १९०७ साली रमाबाईंनी स्वतः प्रसिद्ध केलेली साक्ष वाचकांनी मिळवून वाचावी. आणि पुण्याहून दौंडकडे जाण्याचा प्रसंग येईल तेव्हा केडगावला उतरून, आजही चालू असलेली ती संस्था डोळ्यांनी पाहावी.